बागेत येणाऱ्या तांबड्या खारींना खाऊ घालताना काय सांभाळावे?

रानजाई (स्ट्रॅथस्पे, स्कॉटलंड)

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही ग्रँटाउन गावाच्या कडेला, स्कॉट्स पाइनच्या जंगलाला लागून असलेल्या एका जुन्या घरात राहायला आलो. पूर्वी तेथे राहणाऱ्या आजींनी मागच्या अंगणातील झाडाला एक लाकडी पेटी ठोकून ठेवली होती. तिला वर बिजागरीचे झाकण आणि पुढे पारदर्शक पट्टी आहे. पेटी कशासाठी आहे हे मला कळले नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण आपटल्याचा आवाज आला म्हणून मी खिडकीशी गेले, तर एक तांबडी खार झाकण डोक्याने उचलून अर्धी आत शिरलेली होती आणि तिची झुपकेदार शेपटी तेवढी बाहेर राहिली होती. आपल्याकडच्या पाठीवर पट्टे असलेल्या खारुताईपेक्षा ही कितीतरी मोठी, आणि रंग असा की उन्हात विटकरी दिसावा व सावलीत शेंदरी वाटावा. त्या दिवसापासून माझी सकाळ या खिडकीशी सुरू होते.

आता मी चार खारी ओळखू लागले आहे. एकीची शेपटी जवळजवळ सायीच्या रंगाची आहे, दुसरीच्या डाव्या कानाला खाच आहे, आणि उरलेल्या दोघी मला त्यांच्या वागण्यावरून कळतात. ऑगस्टमध्ये त्यांच्या कानांवर केसांचे झुबके नव्हते, ते ऑक्टोबरपासून वाढत गेले आणि आता नोव्हेंबरअखेर लांबून पाहिले तरी दिसतात. हे सगळे आनंदाचे आहे, परंतु मी जे करते आहे त्याने त्यांचे भले होते की नुकसान, याची खात्री वाटत नाही म्हणून लिहिते आहे.

आजींनी ठेवलेले शेंगदाण्यांचे पोते होते, ते संपल्यावर मी तसेच दुसरे आणले. केवळ शेंगदाणे घालणे बरोबर आहे का? कानाला खाच असलेली खार इतर तिघींना पेटीजवळ येऊ देत नाही, त्यावर काही उपाय असेल तर तो हवा आहे. मधल्या काळात पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही १० डिसेंबरपासून पाच आठवडे पुण्याला जाणार आहोत, आणि ऐन थंडीत पेटी रिकामी राहिली तर त्यांची उपासमार होईल, या विचाराने मला अपराध्यासारखे वाटते. शेवटची गोष्ट सर्वांत काळजीची आहे. परवापासून एक पाचवी खार येते. तिच्या नाकाभोवतीचे केस गेलेले आहेत आणि कानाच्या कडा जाड, सुजल्यासारख्या व चकचकीत दिसतात. ती खाते, चढते, पळते, पण तिचे तोंड पाहून जीव गलबलतो. येथे कोणाला अनुभव असल्यास कृपया सांगावे.


कातळवाट (डम्फ्रीज परिसर, स्कॉटलंड)

रानजाईताई, मी चौदा वर्षे दक्षिण स्कॉटलंडमध्ये राहतो आणि आमच्या भागातील खारींच्या नोंदी ठेवणाऱ्या गटात स्वयंसेवक म्हणून काम करतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण त्यात उशीर करून चालणार नाही.

आजारी खार दिसली की पेटी आजच्या आज खाली काढावी, हा आमच्याकडचा पहिला नियम आहे. एकाच पेटीत चार-पाच खारी डोके घालतात, एकाच कडेला पाय रोवतात आणि तेथेच लाळ व खपल्या ठेवून जातात. जंगलात एरवी ज्या खारी क्वचित एकमेकींना शिवल्या असत्या त्यांना आपण एका ताटात जेवायला बसवतो. पेटी हातमोजे घालून काढा, गरम पाण्याने घासा, पशुवैद्यकीय जंतुनाशकाने धुवा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. खारीची स्पष्ट छायाचित्रे घ्या, शक्यतो चेहरा, कान आणि पुढचे पाय दिसतील अशी, आणि ती ‘सेव्हिंग स्कॉटलंड्स रेड स्क्विरल्स’ या प्रकल्पाला पाठवा. हा प्रकल्प २००९ मध्ये सुरू झाला. लोकांनी पाठवलेल्या नोंदींवर त्याचे बरेच काम चालते.

आमच्याकडे एवढी सावधगिरी का, तेही सांगतो. ब्रिटनमध्ये उत्तर अमेरिकेतून आणलेली करडी खार १८७६ मध्ये चेशर परगण्यातील हेन्बरी पार्क येथे सोडली गेली आणि पुढे इतर जमीनदारांनीही हौसेने ती ठिकठिकाणी सोडली. करडी खार वजनाने तांबडीच्या जवळपास दुप्पट असते आणि ओकची कच्ची फळे तिला तांबडीपेक्षा चांगली पचतात, त्यामुळे पानझडी रानात तांबडीच्या वाट्याचे अन्न तीच आधी संपवते. याहून घातक म्हणजे करडी खार एक देवीसारखा विषाणू बाळगते. तिला स्वतःला त्याचा सहसा त्रास होत नाही, पण तांबडीला लागण झाली की डोळ्यांभोवती, तोंडावर, पायांच्या बोटांवर फोड व ओल्या खपल्या येतात, तिला दिसेनासे होते, खाता येत नाही, आणि साधारण दोन आठवड्यांत ती मरते. स्कॉटलंडमध्ये या रोगाने आजारी पडलेली तांबडी खार प्रथम २००७ मध्ये, आमच्याच भागात सापडली. मी स्वतः एका झाडाच्या बुंध्याशी डोळे चिकटलेली खार बसलेली पाहिली आहे. जवळ गेलो तरी तिला कळले नाही. तेव्हापासून माझ्या बागेत पेटी असली तरी मी ती रिकामी ठेवण्याच्या तयारीनेच भरतो.

तुमच्या वर्णनातली खार मात्र मला या रोगाची वाटत नाही. तुमच्याकडे हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात, करड्या खारी अजून फारशा पोहोचलेल्या नाहीत, आणि ओल्या खपल्यांऐवजी तुम्ही चकचकीत, जाड कान लिहिले आहेत. याबद्दल येथील कोणी पशुवैद्यकांनी लिहिले तर बरे होईल.

आता पेटीविषयी. एक खार इतरांना हाकलते हे नेहमीचेच आहे, आणि त्यावर एकच उपाय मला लागू पडलेला दिसला आहे: एका पेटीऐवजी दोन किंवा तीन पेट्या, आणि त्याही एकमेकींपासून इतक्या लांब की एकीवर बसून दुसरी दिसू नये. धाकदपटशा करणाऱ्या खारीला दोन्हीकडे पहारा देता येत नाही. पेटी जमिनीपासून दीड-दोन मीटर उंच, बुंध्याला लागून आणि दाट फांद्यांच्या आधाराने असावी, म्हणजे ससाण्याची किंवा मांजराची चाहूल लागताच खार सरळ वर चढू शकते. पेटी कधीही अशा जागी लावू नये जेथे पोहोचण्यासाठी खारीला रस्ता ओलांडावा लागेल. आमच्या भागात गाडीखाली सापडलेल्या खारींपैकी काही जणी शेजारच्या दोन बागांमधल्या पेट्यांच्या वाटेवरच मेल्या, हे मला नोंदवहीतून दिसत गेले. शेवटी दोन्ही घरांनी पेट्या रस्त्याच्या एकाच बाजूला आणल्या आणि वरून जाड दोर बांधला. पावसाचे पाणी साठवण्याचे पिंप असेल तर त्यावर झाकण ठेवा. पाणी प्यायला उतरलेली खार गुळगुळीत पिंपातून वर येऊ शकत नाही. प्यायला उथळ मातीचे भांडे ठेवावे आणि गोठले की पाणी बदलावे.

मीठ लावलेले, भाजलेले किंवा तळलेले काहीही नको, पाव आणि बिस्किटे नकोत. सकाळी मोजके घालावे, म्हणजे दुपारपर्यंत संपेल. रात्रभर उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, आणि ओलीत बुरशी धरते.


औदुंबर (बव्हेरिया, जर्मनी)

मी पशुवैद्यक आहे. शिक्षण महाराष्ट्रात झाले आणि गेली नऊ वर्षे जर्मनीत काम करतो आहे. येथे करड्या खारी नाहीत, त्यामुळे तांबड्या खारी शहरातील बागांतही येतात, आणि आल्प्सच्या बाजूला तर त्याच जातीच्या गडद तपकिरी, जवळजवळ काळ्या खारी दिसतात. लोक हौसेने खाऊ घालतात, आणि त्या हौसेचे परिणाम आमच्या टेबलावर येतात.

शेंगदाणा हा मुळात कडधान्याच्या कुळातला आहे. त्यात स्निग्धांश आणि प्रथिने भरपूर असली तरी कॅल्शियम अगदी थोडे आणि फॉस्फरस पुष्कळ असतो. खार पोटभर शेंगदाणे खात राहिली तर रक्तातील कॅल्शियमची तूट शरीर हाडांतून भरून काढते, आणि हाडे ठिसूळ होत जातात. वाढीच्या वयातील पिल्ले आणि दूध पाजणाऱ्या माद्या यांना हे सर्वांत आधी बाधते. मी पाहिलेल्या एका पिल्लाला पडल्याची कोणतीही मोठी जखम नव्हती, तरी त्याचे मागचे दोन्ही पाय मोडलेले होते. सूर्यफुलाच्या बियांतही हाच दोष आहे, म्हणून शेंगदाणे बंद करून केवळ त्या घालणे हा उपाय होत नाही.

अक्रोड आणि हेझलनट, तेही कवचासकट, हे त्यातल्या त्यात योग्य खाणे आहे. कवचाचे दोन फायदे आहेत: खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कठीण कवच फोडताना ते झिजतात, आणि एकेक दाणा फोडायला वेळ लागत असल्यामुळे ती थोडक्यात थांबते. सोबत गाजराचा किंवा सफरचंदाचा तुकडा ठेवता येतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेस ठेवा. आपल्याकडे पोपटाच्या पिंजऱ्यात जो पांढरा, हलका तुकडा अडकवतात तोच. तिकडे पाळीव पक्ष्यांच्या दुकानात तो सहज मिळेल. रानजाईताई, तुमच्या भागात आणखी एक सोय आहे. लाल हरणांची शिंगे दर वसंतात गळून पडतात आणि खारी ती रानात आपणहून कुरतडतात. असे एखादे शिंग सापडले तर ते पेटीशेजारी तारेने बांधून ठेवा, वर्षानुवर्षे पुरेल.

आता त्या पाचव्या खारीविषयी. छायाचित्र न पाहता निदान करता येत नाही, पण नाकाभोवती, पापण्यांवर आणि पायांवर केस जाणे, आणि कानांच्या कडा जाड व चकचकीत होणे, या खुणा खारींमधील कुष्ठरोगाच्या आहेत. वाचून दचकू नका. ब्रिटनमधील तांबड्या खारींमध्ये हा रोग आहे हे एडिनबरा विद्यापीठातील पशुवैद्यकांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आले, आणि २०१६ मध्ये त्याचे जनुकीय पुरावेही प्रसिद्ध झाले. इंग्लंडच्या दक्षिणेकडील ब्राउनसी बेटावरच्या खारींत तर माणसाला होणाऱ्या कुष्ठरोगाचाच जंतू आढळला, आणि तोही मध्ययुगीन युरोपातील जंतूशी जवळचे नाते सांगणारा. माणसाला खारीपासून लागण होण्याची शक्यता फारच कमी मानली जाते. आपल्याकडे या रोगाच्या नावाभोवती जी भीती आणि जो बहिष्कार होता तो मनात आणू नये. हातमोजे घालावेत, हात साबणाने धुवावेत, खारीला स्पर्श करू नये. एवढे पुरे आहे. रोग हळू वाढतो, आणि बाधा झालेली खार बराच काळ हिंडते-फिरते. तिला पकडून औषध देण्याचा विचार करू नका; रानातल्या खारीला पिंजऱ्याचा ताण सोसत नाही. पेटी खाली काढण्याचा कातळवाट यांचा सल्ला मात्र याही रोगात तितकाच लागू आहे.


हिरडा (आंबेगाव, पुणे जिल्हा)

सर्वांचे म्हणणे वाचले. मी भीमाशंकरच्या रानाजवळ राहतो. आपला राज्यप्राणी शेकरू आमच्याकडे आहे, आणि लहानपणापासून मी त्याला झाडांच्या शेंड्यांतूनच पाहत आलो आहे. शेकरू जमिनीवर क्वचित उतरतो, एकेक जण जवळजवळच्या झाडांवर अनेक घरटी बांधतो, आणि त्याला पाहायचे असेल तर मान वर करून तासभर उभे राहावे लागते. त्याला कोणी बदाम दाखवून खाली बोलावले तर मला ते आवडणार नाही. माथेरानला आणि महाबळेश्वरला माकडांना खाऊ घालून आपण काय करून ठेवले आहे ते सर्वांसमोर आहे. त्यामुळे माझा प्रश्न थोडा पुढचा आहे. जवळच जंगल असताना पेटी हवीच कशाला? लांबून दुर्बिणीने पाहण्यात कमी काय आहे?


कातळवाट (डम्फ्रीज परिसर, स्कॉटलंड)

हिरडादादा, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. ज्या रानात माणसाचा हात पडलेला नाही तेथे पेटी लावू नये, याबाबत माझे तुमच्याशी एकमत आहे. भीमाशंकरला तर मुळीच नको.

स्कॉटलंडची गोष्ट थोडी निराळी आहे. येथील मूळ रान शतकानुशतके तोडले गेले, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस तांबडी खार या देशातून जवळजवळ नाहीशी झाली होती. १८४४ मध्ये ब्यूलीजवळच्या ब्यूफर्ट कॅसल येथे बाहेरून खारी आणून सोडल्या गेल्या, नव्या लागवडीच्या रानांत त्या वाढल्या, आणि मग झाडांचे शेंडे कुरतडतात म्हणून १९०३ मध्ये त्यांना मारण्यासाठी ‘हायलँड स्क्विरल क्लब’ स्थापन झाला, जो एकेका शेपटीमागे पैसे देत असे. आज ब्रिटनमधील बहुतांश तांबड्या खारी स्कॉटलंडमध्येच उरल्या आहेत, १९८१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि २०१६ पासून ‘ट्रीज फॉर लाइफ’ या संस्थेने शील्डेग, प्लॉकटन अशा वायव्येकडील रानांत पुन्हा खारी नेऊन सोडल्या आहेत. सोडल्यानंतर पहिले काही महिने तेथेही पेट्या ठेवतात आणि मग हळूहळू काढून घेतात. पेटी ही कायमची शिदोरी नाही, हे त्यांनी नीट ओळखले आहे.

रानजाईताईंच्या पाच आठवड्यांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. खारी हिवाळ्यात झोपून राहत नाहीत. वादळ असेल तर एखादा दिवस घरट्यात काढतात आणि पुन्हा बाहेर पडतात. स्कॉट्स पाइनचे शंकू पिकायला दोन वर्षे लागतात, आणि हिवाळ्यात पिकलेले शंकू झाडावरच असतात. तुमच्या कुंपणापलीकडे जाऊन जमिनीकडे पाहा. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसासारखे सोललेले शंकू आणि त्यांच्या सुट्या खवल्यांचा सडा दिसला, तर समजा की पेटी नसतानाही त्यांचे जेवण चालू आहे. शरद ऋतूत पुरून ठेवलेले दाणे त्या वासाने शोधतात, बर्फाखालचेसुद्धा. खरी ओढ लागते ती वसंताच्या शेवटापासून जुलैपर्यंत, जेव्हा मागच्या वर्षीचे शंकू रिकामे झालेले असतात, नवे पिकलेले नसतात, आणि पहिल्या वेतातली पिल्ले नुकतीच दूध सोडून बाहेर पडलेली असतात. लोक मात्र नेमके ऑक्टोबरमध्ये, रानात सर्व काही मुबलक असताना पेट्या भरतात आणि मे महिन्यात हिरवे दिसले की विसरतात. पुण्याला निश्चिंत मनाने जा. फक्त जाण्याआधी एकदम बंद करू नका, आठवडाभर रोज थोडे थोडे कमी करा, असे मी एरवी सांगितले असते. पण आजारी खार दिसलेली असताना पेटी लगेच खाली येणे जास्त महत्त्वाचे आहे.


रानजाई (स्ट्रॅथस्पे, स्कॉटलंड)

सर्वांचे मनापासून आभार. त्याच दिवशी दुपारी पेटी काढली. आतल्या कोपऱ्यात जुन्या शेंगदाण्यांचा बुरशीचा थर होता, जो वरून कधी दिसला नव्हता, आणि तो पाहून मला फार वाईट वाटले. पेटी धुऊन शेडमध्ये वाळत ठेवली आहे. पाचव्या खारीची सहा छायाचित्रे पाठवली होती; औदुंबर यांनी वर्तवलेलीच शक्यता तिकडूनही कळवण्यात आली, आणि ती पुन्हा दिसल्यास तारखेसह नोंद पाठवण्यास सांगितले आहे. गेल्या चार दिवसांत ती आलेली नाही.

पेटी नसताना पहिले दोन दिवस खाचवाली खार त्या बुंध्यावर येऊन रिकाम्या खिळ्यांपाशी बराच वेळ बसत असे. तिसऱ्या दिवशी मी कुंपणापलीकडे गेले आणि कातळवाट यांनी सांगितल्याप्रमाणे खाली पाहिले. एका उंच पाइनखाली सोललेल्या शंकूंचा एवढा सडा होता की पाय ठेवायला जागा नव्हती, आणि वर सायीच्या शेपटीची खार शंकू हातात धरून गोल फिरवीत होती; खवले भुरभुर माझ्या बाहीवर पडत होते. वर्षभर खिडकीतून पाहूनही हे मला माहीत नव्हते. हिरडादादांची दुर्बीण मी पुण्याहून येताना आणणार आहे.

समुद्रफेस आणला आहे. परतल्यावर जानेवारीअखेर, आजारी खार दिसत नसेल आणि प्रकल्पाकडून हरकत नसेल तर, दोन लहान पेट्या घराच्या दोन बाजूंना लावीन आणि त्यांत कवचासकट हेझलनट, तेही मोजून घालीन. मे ते जुलै हा काळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लाल पेन्सिलीने आखून ठेवला आहे. निघण्यापूर्वी जमीन गोठली नाही तर मागच्या कुंपणालगत हेझलची चार रोपे लावण्याचा विचार आहे. रोपवाटिकेत सांगितले की फळ धरायला काही वर्षे जातील, आणि तोवर हरणे व ससे यांच्यापासून त्यांना जाळीने जपावे लागेल. जाळी किती उंच हवी हे कोणाला ठाऊक असल्यास सांगावे, शनिवारी खड्डे खणणार आहोत.


कातळवाट (डम्फ्रीज परिसर, स्कॉटलंड)

सशांसाठी साठ सेंटिमीटर पुरते, पण तुमच्याकडे हरणे आहेत, तेव्हा लाल हरणांचा विचार करून एक मीटर ऐंशीच्या खाली जाऊ नका. जाळीचा खालचा काठ जमिनीत थोडा पुरा, नाहीतर ससे खालून येतात.